रिकामा ड्रम रिकामा नसतो

माझे अब्बा वेल्डर. त्यांच्या कमाईवर मी इंजिनिअर झालो, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मागच्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा गॅसकटरनं थिनरचा जुना ड्रम कापताना गेला. गिऱ्हाईक म्हणालं होतं, रिकामाच आहे. जनाज्याला जो तो एकच बोलत होता, अल्लाहची मर्जी.

माझा राग त्या बोलण्यावर आहे.

ड्रम उपडा केला तरी तळाशी आणि शिवणीत थोडं थिनर राहतंच. त्याची वाफ आतल्या हवेत मिसळते. काठोकाठ भरलेल्यापेक्षा असा ड्रम जास्त घातक, कारण स्फोटाला लागणारी हवा त्यात आयती असते. नुसतं पाण्यानं विसळून थिनर किंवा डिझेल निघत नाही. वाफेनं, नाहीतर गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यानं धुवायचं, बुचं उघडी ठेवायची, मग कापायच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे वाफ साठायला आत फार जागा उरत नाही. अब्बांनी तीस वर्षं हेच केलं. घाई करणाऱ्याला ड्रमसकट परत पाठवलं. ‘घमेंडी मिस्त्री’ हे नाव त्यातूनच पडलं.

यात मर्जी कुठे आली? 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाचं कलम 37 सांगायचं की आतला ज्वलनशील पदार्थ आणि वाफ काढल्याशिवाय टाकीला वेल्डिंग-कटिंग करायचं नाही. पण रस्त्याकडेचं दोन माणसांचं दुकान त्या कायद्यात ‘कारखाना’च ठरत नव्हतं. 1996 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वेल्डिंगच्या ठिणग्या छतातल्या थर्माकोलच्या जातीच्या थरावर पडल्या, 17 माणसं गेली. तिथे चौकशी झाली, खटलाही चालला. आमच्याकडे पंचनामा झाला आणि वर्गणी निघाली. वर्गणी मीही दिली.

माझ्या ऑफिसात एका बटणाचा रंग बदलायचा तरी दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. चुकलं तर पाच मिनिटांत जुनं परत आणता येतं. त्या पोराला ‘आधी यात काय होतं?’ एवढं विचारायलाही कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या उस्तादानं नाही, ड्रम आणणाऱ्यानंही नाही.

येत्या जुम्याला नमाजनंतर अब्बा दहा मिनिटं यावर बोलणार आहेत. जमातीचे सदर आधी म्हणाले, हा मस्जिदीचा विषय नाही. मी म्हटलं, सदरसाहेब, मय्यत इथूनच उठली. शेवटी बाहेरच्या अंगणात बोलायचं ठरलं. धुतलेला ड्रम मी घेऊन येतोय. दुकानमालकांनी पोरांना सोबत आणावं, आणि स्वतःही थांबावं.