यशापूर्वीची टाळी

वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली म्हणजे शिक्षकाच्या लेखणीस व्याकरण आणि सदाचार यांवाचून तिसरा विषय सुचत नाही, असा विद्यार्थिवर्गाचा समज आहे. तो खोटा ठरावा म्हणून यंदा खेळ, चित्रपट आणि वर्तमानपत्रांतील वार्ता यांविषयी सहज मनात आलेले चार विचार मांडण्याचे योजिले आहे. विषय तीन दिसले तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : आपण टाळी कोणासाठी वाजवितो, आणि केव्हा वाजवितो ?

दिनांक 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांच्या क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा 52 धावांनी पराभव करून एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक प्रथमच जिंकिला. त्या रात्री टाळ्यांना तोटा नव्हता. त्याआधी तीनच दिवस, उपांत्य सामन्यात, ऑस्ट्रेलियाने ठेविलेले 339 धावांचे आव्हान आपल्या मुलींनी पार केले, तेव्हा मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा केल्या. याच जेमिमाला त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आले होते, ही गोष्ट मात्र विजयाच्या गलबल्यात पुष्कळांच्या स्मरणातून गेली.

या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांची कथा तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. 1988 साली हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल. त्याची पाळी आलीच नाही ! पुढे 1993-94 च्या हंगामात रणजी करंडक स्पर्धेत पदार्पणाच्याच डावात त्याने 260 धावा केल्या. सर्व कारकिर्दीत प्रथम दर्जाच्या सामन्यांत 11 हजारांहून अधिक धावा आणि 30 शतके त्याच्या नावावर जमा झाली. परंतु भारतीय संघाकडून खेळण्याची पाळी तेथेही आली नाही. म्हणून त्याने खेळ टाकिला नाही, वा खेळाविषयी मन आंबट होऊ दिले नाही. सदतीस वर्षांनंतर टाळी वाजली, ती दुसऱ्याच भूमिकेत. आमच्या मते, तो मुलगा जेव्हा पॅड बांधून बसला होता तेव्हाही तो संघाचाच होता. टाळी मात्र त्यास त्या दिवशी कोणी दिली असेल असे वाटत नाही.

आता थोडे मागे वळू. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु आमच्या दृष्टीने खरी मोलाची टाळी ती नव्हे. खाशाबांपाशी प्रवासखर्चास पैसा नव्हता, त्या वेळी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, आणि गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. पदक मिळेलच अशी हमी तेव्हा कोण देणार होता ? परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून पैसा मिळविला आणि आपल्या गुरूचे घर सोडविण्यास साह्य केले. शासनाचा अर्जुन पुरस्कार मात्र त्यांस मरणोत्तर मिळाला. त्यांचे अपघाती निधन 1984 सालचे, आणि पुरस्कार 2000 सालचा. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट 2024 साली, कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसळे यांस पॅरिस येथे. मध्ये 72 वर्षे गेली. या काळात आपल्या गावोगावी बाहुबळ नव्हते असे नाही. घर गहाण ठेवणारे प्राचार्य किती होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

चित्रपटाकडे वळावे, तर सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट 2024 साली प्रदर्शित झाला. 1965 च्या युद्धात या सैनिकास गोळ्या लागून कमरेखालचे अंग लुळे पडले. तरी 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारतास त्या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली 2018 साली. आजच्या मुलांस हे नाव चित्रपटाने कळले, हा त्याचा उपकार मान्य केला पाहिजे. तथापि चित्रपटाची एक खोड आहे. अनेक वर्षांचे कष्ट एका गाण्यात आटोपतात, आणि शेवट गोड होणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. आयुष्यात तसे तिकीट मिळत नाही. प्रत्यक्ष कष्ट करणाऱ्यास प्रत्येक पहाट शेवट ठाऊक नसतानाच काढावी लागते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय शेवटून पहिल्यासही चांदीचा पेला द्यावा ?’ तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. पेला जिंकणाऱ्याचाच; त्यात खोटी दया नको. परंतु पेला एक असतो आणि टाळ्या पुष्कळ असतात. पेला निकालावर द्यावा, टाळी प्रयत्नावरही देता येते. आणि टाळी म्हणजे केवळ हातावर हात आपटणे नव्हे. पहाटे सरावास निघालेल्या मुलीस माउलीने करून दिलेली गरम भाकरी हीही टाळीच. राखीव खेळाडूस घेऊन बसणारा सोबती, नापास झालेल्या मुलास गणित पुन्हा समजावणारा थोरला भाऊ, हे सर्व टाळीच वाजवीत असतात. मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवून विजेत्याचे अभिनंदन करण्यास क्षणही लागत नाही. म्हणूनच त्याची किंमतही तेवढीच.

पालकवर्गास एक नम्र विनंती. मूल मैदानावरून घरी आले म्हणजे ‘कितवा आलास ?’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो दुसरा असावा. पहिला प्रश्न ‘आज काय नवे जमले ?’ असा असावा. ज्यास रोज पहिलाच प्रश्न ऐकावा लागतो, तो मुलगा चवथा येण्याच्या भीतीने एके दिवशी धावण्याचेच सोडून देतो, हे आम्ही शाळेच्या मैदानावर वारंवार पाहिले आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गातही कोणी ना कोणी पॅड बांधून बसलेला असेलच. त्याची पाळी येईल किंवा येणारही नाही. तो मोठा झाल्यावर त्याच्या मिरवणुकीत सामील होण्यास हजारो लोक येतील. तेव्हा तुमची गरज भासणार नाही. गरज आज आहे. तेव्हा पुढच्या मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी जाऊन बसा.