गुलछडीची बाग तिसऱ्या वर्षी मोडावी

गुलछडीचे कंद एकदा लावले की बाग कायमची झाली, अशी समजूत बऱ्याच गावांतून आढळते. ती आम्हांस मान्य नाही. निशिगंधाचे हे झाड बहुवर्षायू आहे हे खरे. कडक ऊन व पाण्याची थोडीफार हयगय ते निमूटपणे सोसते, आणि या सोशिकपणामुळेच त्याची हेळसांड होते.

या पिकाचा स्वभाव प्रथम ध्यानात घ्यावा. ज्या कंदातून एकदा फुलांचा दांडा निघाला, त्यातून पुन्हा दांडा येत नाही. पुढील फुले येतात ती त्याच्या अंगास फुटणाऱ्या पिल्लांपासून. पहिली दोन वर्षे ही पिल्ले जोमाने वाढतात. पुढे एकाच ठोंबात कंदांची इतकी दाटी होते की, एकासही पुरेसे अन्न मिळत नाही. मग पाने उदंड, पण दांडे आखूड व फुले बारीक! शेतकरी खतास दोष देतो व आणखी युरिया घालतो. वास्तविक तेथे कमी पडलेली असते ती जागा.

म्हणून तिसरा हंगाम संपताच पाणी तोडावे, पाने वाळू द्यावीत आणि कंद उकरून सावलीत सुकवावेत. त्यांस महिनाभर तरी विश्रांती हवी. एप्रिल-मे महिन्यांत नवी लागवड करावी, तीही दुसऱ्या रानात. कारण जुन्या जागी मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी वाढलेले असतात. भारी व पाणी तुंबणारी जमीन नको, तीत कंद कुजतात.

कंद २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे व टणक निवडून ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावेत. बारीक पिल्ले पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानेच देतात. ती वेगळ्या वाफ्यात वाढवावीत. न निवडलेले कंद सरसकट वजनावर घेणारा येथेच फसतो.

बाग मोडली तर रोजची फुले बंद होतील, हा शेतकऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांस बागेचे तीन भाग पाडून दरवर्षी एकच भाग मोडण्यास सांगावे. उरलेल्या दोन भागांतून हारांची फुले बाजारात जातच राहतील.