सापळा कोणाचा?

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नीलँड नावाचे जे विख्यात करमणूक-उद्यान आहे, त्यात ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही जलसफर १८ मार्च १९६७ रोजी सुरू झाली. प्रेक्षक नावेत बसून अंधाऱ्या गुहेत शिरतो. वादळात सापडलेल्या जहाजाचे सुकाणू धरून उभा असलेला एका चाच्याचा सापळा त्याला दिसतो. पुढे दुसरा सापळा पलंगावर पडून खजिन्याचा नकाशा न्याहाळीत असतो. मुले किंचाळतात, आईबाप हसतात आणि नाव पुढे सरकते.

आरंभीच्या काळात यांतील काही सापळे खऱ्या माणसांचे होते. कृत्रिम सापळे पुरेसे खरे वाटेनात, म्हणून रचनाकारांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठीय वैद्यकीय केंद्रातून मानवी सांगाडे आणवले, असे या सफरीचा इतिहास लिहिणारेच सांगतात. पुढे कृत्रिम सापळे सुधारले, तेव्हा खरी हाडे काढून त्यांचे रीतसर दफन करण्यात आले. त्या माणसांची नावे मात्र मी वाचलेल्या कोणत्याही वर्णनात नाहीत.

एका परदेशी करमणुकीची एवढी दखल आपण का घ्यावी, असे काही वाचक विचारतील. घ्यावी, याचे कारण एका साध्या प्रश्नात आहे : मेल्यावर कोणाची हाडे खेळणे होतात आणि कोणाची होत नाहीत? अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. श्रमशक्ती ही क्रयवस्तू कशी बनते, हे आम्ही वर्गात फळ्यावर मांडीत असू. श्रम करणारा मेल्यानंतरही बाजार त्याला सोडतोच असे नाही, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते.

चाच्याचा सापळा ही मुळात करमणूक नव्हती, ती शिक्षा होती. कॅप्टन विल्यम किड याचे उदाहरण पाहावे. चाचे आणि फ्रेंच जहाजे पकडण्याचा परवाना देऊन त्याला समुद्रावर धाडण्यात आले. त्याच्या सफरीत इंग्लंडच्या बड्या उमरावांचे भांडवल होते आणि लुटीचा दहावा हिस्सा राजाला मिळावयाचा होता. १६९८ मध्ये त्याने हिंदी महासागरात बंगालहून सुरतेकडे जाणारे ‘केदा मर्चंट’ हे जहाज लुटले. मोगल दरबार खवळला. ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतील व्यापार धोक्यात आला आणि कालचा भागीदार एकाएकी चाचा ठरला. २३ मे १७०१ रोजी लंडनमध्ये त्याला फाशी दिले. त्याचे प्रेत डांबर फासून लोखंडी पट्ट्यांत जखडण्यात आले आणि येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांना दहशत बसावी म्हणून टेम्स नदीकाठी टिलबरी येथे वर्षानुवर्षे टांगून ठेवण्यात आले. ज्यांनी भांडवल पुरवले, त्यांपैकी दोघा सरदारांवर त्याच वर्षी संसदेत महाभियोग आला; ते निर्दोष सुटले. मराठीत ‘सापळा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. किडच्या बाबतीत ते दोन्ही खरे ठरले.

चाचा कोणाला म्हणावे, हेही सत्ताच ठरवीत असे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचेच होते. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तेव्हा क्लाइव्ह आणि वॉटसन यांच्या लोकांनी किल्ल्यातील धन आपसात वाटून घेतले. त्याला मात्र बक्षिसाची रक्कम असे सभ्य नाव होते.

आता शरीरशास्त्राच्या सांगाड्याकडे वळू, कारण त्याचा आणि टांगलेल्या चाच्याचा वंश एकच आहे. इंग्लंडमध्ये १७५२ साली अमलात आलेल्या कायद्याने खुन्याच्या प्रेताला दफन नाकारले. ते एक तर साखळदंडात टांगावे किंवा विच्छेदनासाठी डॉक्टरांना द्यावे. पुढे वैद्यकीय विद्यार्थी वाढले, प्रेते अपुरी पडू लागली आणि त्यांचा बाजार तेजीत आला. एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ मध्ये माणसे मारून त्यांची प्रेते विकली. बर्कला १८२९ मध्ये फाशी झाले आणि त्याचा सांगाडा तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही आहे. ती प्रेते विकत घेणारे डॉक्टर नॉक्स यांच्यावर मात्र खटलाही झाला नाही.

यावर उपाय म्हणून १८३२ चा कायदा आला. अनाथालयात किंवा इस्पितळात मेलेल्या, ज्यांना न्यायला कोणी आले नाही अशा माणसांची प्रेते विच्छेदनाला देण्याची वाट त्याने मोकळी केली. म्हणजे काल जी खुन्याची शिक्षा होती, ती आज दारिद्र्याची शिक्षा झाली. ज्ञानाची गरज खरी होती, याबद्दल वाद नाही. तिची किंमत कोणी मोजावी, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर वर्गाने दिले.

या व्यवहारात आपला देश दीर्घकाळ पुरवठादार होता. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी तयार केलेले मानवी सांगाडे अनेक दशके युरोप-अमेरिकेच्या वैद्यकीय शाळांत जात असत. अखेर १९८५ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. त्यानंतरही बंगालमध्ये हाडांचे चोरटे साठे पकडले गेले. डिस्नीलँडमधील सापळे भारतीयांचे होते असा माझा दावा नाही. ज्या काळात ते तेथे उभे राहिले, त्या काळात सांगाडा हा बाजारात मिळणारा माल होता आणि त्या मालाचे एक मोठे कोठार आपले होते, एवढेच नोंदवावयाचे आहे.

परदेशावर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई ॲनाटमी कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद केली. बेवारस कोण असतो? फलाटावर मेलेला हमाल, गाव सोडून आलेला बिगारी, मुलांनी टाकलेली म्हातारी. आपला डॉक्टर ज्या देहावर विद्या शिकतो, तो देह बहुधा अशा माणसाचा असतो, ज्याला जिवंतपणी त्या डॉक्टरची फी परवडली नसती.

म्हणून एक सूचना करतो. देहदानाचा विचार आपल्या चळवळीला नवा नाही, पण तो आपण समाजसेवेच्या सदरात टाकतो. तो समतेचा विचार आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनी आपले देह स्वखुशीने दिले, तर विज्ञानाला दारिद्र्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही. पत्नीने आणि मी असे अर्ज भरून दिले आहेत. नातेवाइकांना ते रुचले नाही आणि अद्याप घरात त्यावरून कुरबुर आहे. तरीही प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा हा विषय सभेत घ्यावा आणि आपल्या गावच्या बेवारस माणसाच्या अंत्यविधीला चार कार्यकर्त्यांनी हजर राहावे.

लोकांना खटकले तर करमणूकही बदलते. याच सफरीत चाचे बायकांचा लिलाव करीत असल्याचे दृश्य होते. २०१८ मध्ये ते बदलून तेथे लुटीच्या मालाचा लिलाव आला. सुकाणूवरचा सापळा मात्र अजून उभा आहे. आता तो कृत्रिम आहे, ही समाधानाची गोष्ट. त्याला पाहून मुलांनी खुशाल किंचाळावे. घरी परतताना एखाद्या मुलाने ‘हा माणूस कोण होता?’ असे विचारले, तर मोठ्यांजवळ उत्तर असावे.