अथेन्सच्या डोळ्यांनी पाहिलेला बिओशिया

संगणकावरील खेळ हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर येऊच नये, असे मानणारा एक वर्ग आपल्यात आहे. आणि आलाच तर त्या खेळात मराठ्यांच्या पगड्या नीट बांधल्या आहेत की नाहीत एवढेच तपासून मोकळे व्हावे, असे मानणारा दुसरा. मला ह्या दोन्ही वर्गांशी भांडावयाचे आहे. पहिल्याशी थोडे, दुसऱ्याशी पुष्कळ.

पहिल्या वर्गाला एवढेच सांगणे आहे की आपल्या मुलांना इतिहास आता ग्रंथांतून कमी आणि ह्या खेळांतून अधिक भेटतो. कृष्णराजपुरमच्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांची मुले प्राचीन ग्रीसमधील एखाद्या प्रांताची डोंगररांग, देवळे आणि वाटा तोंडपाठ सांगतात. त्यांच्या खिडकीबाहेर, तारांच्या पुलावरून रेल्वेमार्ग ओलांडून जाणारा जुना मद्रास रस्ता पुढे होस्कोट आणि कोलारला पोचतो. ती दोन्ही ठिकाणे बंगळूरसह शहाजीराजांच्या जहागिरीत होती, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. हा दोष मुलांचा नव्हे. ग्रीसचा तो प्रांत कोणीतरी त्यांच्यासाठी उभा केला. होस्कोट कोणी उभे केले नाही.

ज्या खेळाविषयी मी बोलतो आहे तो 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी' हा युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीचा, २०१८ साली निघालेला. काळ इ. स. पू. ४३१, अथेन्स आणि स्पार्टा ह्यांच्यातील दीर्घ युद्धाचा आरंभ. खेळणारा हा भाडोत्री योद्धा असतो. तो आज अथेन्सकडून लढतो, उद्या स्पार्टाकडून, आणि दोघांकडून मोबदला घेतो. नकाशावर प्रांताचा रंग निळा असला तर सत्ता अथेन्सची, तांबडा असला तर स्पार्टाची. सत्ता उलथवावयाची असेल तर शिबंदी कापावी, सैन्याची सामग्री जाळावी, प्रांताचा खजिना लुटावा, अखेर प्रांतप्रमुखास ठार करावे, म्हणजे रंग बदलण्याची लढाई सुरू होते. (ज्यांनी आयुष्यभर कोषागारांचे ताळमेळ घातले, अशा वाचकांस त्या खजिन्याच्या कारकुनाचे पुढे काय होत असेल ही चिंता पडणे साहजिक आहे. खेळाला ती पडलेली नाही.)

असे असूनही ह्या खेळाच्या कर्त्यांचे श्रम मोठे आहेत, हे कबूल केले पाहिजे. ऊन, धूळ, ऑलिव्हची झाडे, देवळांच्या खांबांवरील रंग, बंदरातील गलबते ही सर्व अभ्यासून केलेली आहेत. २०१९ साली त्यांनी ह्याच भूमीतून लढाईवाचून हिंडता यावे म्हणून वेगळी सोय केली. तीत नगरे, दैनंदिन जीवन, तत्त्वज्ञान, युद्धकला, कला व धर्म अशा विषयांच्या तीसएक फेऱ्या आहेत. शिक्षकाने वर्गात वापराव्या अशा त्या आहेत. तेव्हा खेळ म्हणजे निव्वळ थिल्लरपणा, हे म्हणणे येथे टिकत नाही.

पण बिओशिया पाहा. अथेन्सच्या वायव्येस लागून असलेला हा सपाट, सुपीक, पाणथळ प्रांत; थीब्ज हे त्याचे मुख्य नगर. खेळाच्या कथेत एका स्पार्टन सेनानीच्या सांगण्यावरून आपण ह्या प्रांतातील चार वीरांना एकेक करून मारतो, म्हणजे प्रांत दुबळा होतो आणि स्पार्टाला तो जिंकता येतो. कथा रंगते, ह्यात शंका नाही. मात्र युद्धाच्या पहिल्या दिवसापासून बिओशिया स्पार्टाच्याच बाजूला होता! किंबहुना युद्धाची ठिणगीच थीब्जने टाकली. इ. स. पू. ४३१ च्या वसंतात तीनशेहून थोडे अधिक थीब्जवासी रात्री प्लेटीया नगरात शिरले, आणि थ्युसिडिडीजने आपल्या युद्धकथेचा आरंभ तेथून केला. पुढे ४२४ मध्ये डीलियमच्या रणांगणावर अथेन्सला जबर पराभव चाखावयास लावला तोही बिओशियाच्याच शेतकरी-सैनिकांनी; त्या पराभूत सैन्यात सॉक्रेटिस होता. ज्या प्रांताने हे केले, त्याला जिंकून घेण्याची आवश्यकता स्पार्टाला कशी पडावी?

ही चूक अज्ञानातून झाली असे मी म्हणणार नाही. ज्यांनी खांबांचे रंग शोधून काढले त्यांना कोणाची बाजू कोणती हे ठाऊक नसेल हे संभवत नाही. कथेला एक दुबळा, मधला, कोणीही जिंकावा असा प्रांत हवा होता, आणि तो बिओशियाच्या वाट्याला आला. का आला? कारण अथेन्सने बिओशियाची तीच प्रतिमा शतकानुशतके लिहून ठेवली आहे. जड बुद्धीचे, खादाड, चिखलात राबणारे लोक अशी त्यांची थट्टा अथेन्समध्ये रूढ होती. शेजाऱ्याच्या हाती लेखणी असली म्हणजे असेच घडते.

वास्तविक बिओशियाचे स्वतःचे शब्द कमी नाहीत. हेसिअड तेथला, ॲस्क्रा नावाच्या खेड्यातला. नांगर केव्हा धरावा, पीक केव्हा कापावे, भावाशी वाटणीचा तंटा झाला असता न्याय कोणाकडे मागावा, हे त्याने काव्यात सांगितले. पिंडर थीब्जचा. ॲरिस्टोफेनीसने इ. स. पू. ४२५ मधील एका नाटकात कोपाइस तळ्यातील वाम मासे अथेन्सच्या बाजारात आणणारा एक बिओशियाचा व्यापारी रंगविला आहे. युद्धामुळे हे मासे दुर्मीळ झालेले, म्हणून अथेन्सकर ते पाहून गहिवरतो. आणि बदल्यात काय न्यावे असा प्रश्न पडतो तेव्हा बिओशियात न मिळणारा माल म्हणून अथेन्सचा एक चुगलखोर खबऱ्या मडक्यासारखा बांधून त्या व्यापाऱ्याच्या पदरात घातला जातो. युद्ध बाजारात काय करते, हे ह्याहून नेमके कोणी सांगितले आहे? खेळात ते तळे आहे. वाळलेल्या तळ्याला पुन्हा पाणी देण्याची किमया त्यात आहे. कारण प्रत्यक्षातले कोपाइस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उपसत नेले आणि आज तेथे शेते आहेत. पण कथेच्या धारेत त्या वामांना किंमत नाही. किंमत आहे ती चार वीरांच्या मुंडक्यांना.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळतो. 'एम्पायर: टोटल वॉर' ह्या २००९ मधील खेळात मराठा राज्यमंडळ खेळणाऱ्यास घेता येते, तेव्हापासून आपल्याकडे एकच उत्साह आहे: मराठे घेऊन हिंदुस्थान जिंकावा आणि मग इंग्लंडावर चाल करावी. ह्याला मी मज्जाव करीत नाही; पानिपतचा सल एखाद्याने संध्याकाळी असा उतरविला तर कोणाचे काय गेले? परंतु जेथे मराठा म्हणजे केवळ घोडेस्वार, तोफ आणि नकाशावरचा रंग एवढेच उरते, तेथे आपलाही बिओशियाच झाला आहे. आणि तो करण्यात परक्यांइतकाच आपलाही हात आहे. आपण स्वतः आपल्या इतिहासाकडे तलवारीखेरीज दुसरे मागितले आहे काय?

कोणी म्हणेल, आपल्याकडे असे खेळ घडविणारे हात नाहीत. हे खरे नाही. युबिसॉफ्टचे कार्यालय २००८ पासून पुण्यात आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतील एका जुन्या खेळाच्या पुनर्निर्मितीचे काम २०२० साली पुणे-मुंबईच्या कारागिरांकडे सोपविल्याचे जाहीर झाले होते. २०२२ मध्ये ते काढून माँट्रिअलला नेले, ही गोष्ट वेगळी. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स ह्या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' हा प्राचीन भारतीय वातावरणाचा खेळ काढला आणि तो जगभर वाखाणला गेला. पण त्यातील वास्तू राजस्थानी किल्ल्यांच्या वळणाच्या, कथानिवेदन बालीच्या छायाबाहुल्यांच्या धर्तीचे. पुण्यात बसून इराण उभा राहतो, राजस्थान आणि बाली उभे राहतात; पुण्यापासून जेमतेम दोन तासांवरचे कार्ले उभे राहत नाही. मी त्या कलावंतांना दोष देत नाही. त्यांनी मेजावर जे चित्रसंग्रह आणि ग्रंथ ठेविले असतील, त्यांत दख्खनच्या दैनंदिन जीवनाचे असे किती मिळाले असेल?

आणि सामग्री तर पडली आहे. ग्रीस पाहावयाचा म्हणून मुले बिओशियात जातात. ग्रीस कार्ल्याच्या चैत्यात आहे. तेथील खांबांवर धेनुकाकट गावच्या 'यवन' दात्यांची नावे कोरलेली आहेत. यवन म्हणजे मूळचा आयोनियाचा ग्रीक, आणि हे दाते ग्रीक वंशाचे असोत वा केवळ त्या नावाने ओळखले जाणारे, ते येथल्या बौद्ध संघाला खांब दान करीत होते. जुन्नरला असेच यवन आहेत. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडील दात्तामित्रीचा इंद्राग्निदत्त आहे. भाडोत्री योद्धा खजिना लुटतो तेव्हा त्याच दुनियेचा एक माणूस सह्याद्रीत खांब उभारतो. ह्या दुसऱ्या गोष्टीवर खेळ होत नाही काय?

बंगळूरचेच घ्या. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे येथे आले एवढे आपल्याला पाठ असते, कारण त्यात स्वारी आहे. जयराम पिंड्ये हा कवी शहाजींच्या दरबारात आला, त्याने राजांपुढे बारा नारळ ठेविले, आणि ते कशाचे म्हणून विचारता, मला बारा भाषांत कविता करता येते असे उत्तर दिले. त्याचे चंपूकाव्य १९२२ मध्ये राजवाड्यांनी छापून आपल्या हाती दिले. (पिंडर आणि पिंड्ये ह्या नावांच्या साधर्म्यावर कृपया कोणी निबंध लिहू नये.) मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वराचा १६६९ चा शिलालेख आहे, एकोजीराजांनी देवाच्या पूजेअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची त्यात नोंद आहे. बारा भाषांचा दरबार आणि कन्नड शिलालेखातले मराठी राजाचे दान, ह्यांत जे नाट्य आहे ते चार वीरांच्या शिरच्छेदात खचित नाही.

ह्या शिलालेखांची काळजी कोणी घेतली? लुई राइसने १९०५ मध्ये बंगळूर जिल्ह्याचा खंड काढला. आणि आज १९०९ साली स्थापन झालेली मिथिक सोसायटी बंगळूर परिसरातील दगडांच्या त्रिमिती प्रतिकृती संगणकावर उतरवीत आहे. खेळ घडविणाऱ्यास जो कच्चा माल लागतो तो नेमका हाच. ती प्रतिकृती फिरवावी, तिच्यावरील अक्षर वाचावे, तिच्यामागचे गाव उभे करावे. त्या कामात आपल्या मराठी मंडळींचा किती हात आहे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्याशी विचारावा. गणेशोत्सवातील पोवाड्याला लागणारा उत्साह तेथे दिसत नाही, एवढे मी स्वतःच्या जबाबदारीवर म्हणतो.

आपण अधिकारी माणसे. कुणी महसुलाचे, कुणी रेल्वेचे, कुणी लेखापरीक्षणाचे. गावाची शीव कशी ठरते, तळ्याचे पाणी कोणत्या क्रमाने सुटते, इनामाच्या कागदात काय लिहितात, हे कादंबरीकाराहून आपल्याला अधिक कळते. होस्कोटच्या थोरल्या तळ्याचा बांध, कृष्णराजपुरमची वेंगय्यनकेरे, कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावरची जुनी मुक्कामाची ठिकाणे ह्यांच्यावर आठ पाने लिहिण्यास आपल्यापैकी कोणालाही इतिहासकाराची पदवी लागत नाही. सुटीचे दोन दिवस, एक जाणता कन्नड सहकारी आणि पायांत चांगले जोडे पुरतात. संपादकांनी दिवाळी अंकात शिवचरित्रावरील पाचव्या लेखाऐवजी अशा एका लेखाला जागा द्यावी. पुण्यातला एखादा तरुण कारागीर तो लेख मेजावर उघडा ठेवून बंगळूरच्या पेठेतला धान्याचा बाजार रचू लागला, तर त्या बाजारात कोणत्या मापाने मोजीत आणि कोणती भाषा बोलत, हे विचारावयास तो आपल्याकडेच येणार आहे.