विश्लेषण : गाण्यातली तलवार सरकारला का टोचते?

दिवाळी झाली, हलका धान घरात आला की मोहाडी तालुक्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री खडी गंमत रंगते. ढोलकी, तुणतुणे, डफ आणि समोरासमोर दोन शाहीर. अफजलखान किंवा सिंहगडाचा विषय निघाला की तलवार येतेच. पण ती शब्दांत. शाहिराच्या हातात डफच असतो. मिरवणुकांत आणि वाढदिवसाच्या केकवर खऱ्या तलवारी चालू लागल्या असताना हा फरक समजून घ्यायला हवा.

कुणब्याच्या घरी तलवार कशी आली?

अफजलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा सतराव्या शतकातला. त्यातला पराक्रम राजाचा. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. त्या एका शब्दाने तलवार दरबारातून शेतकऱ्याच्या ओसरीवर आली. पुढे नऊच वर्षांनी, १८७८ मध्ये, इंग्रजांचा शस्त्र कायदा आला. बंदूकच नव्हे, तर तलवार, भाला बाळगायलाही परवाना लागू लागला. भिंतीवरची तलवार उतरली, पोवाड्यातली राहिली. ती जप्त करायची तर गाणेच जप्त करावे लागणार होते.

गाण्यासाठी जन्मठेप?

सरकारने तेही केले. वि. दा. सावरकरांच्या सिंहगडाच्या पोवाड्यावर बंदी आली. १९०९ मध्ये त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांना नाशिकच्या खटल्यात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कारण काय, तर कवितांची एक पुस्तिका छापली. देवांची आणि वीरांची नावे घेऊन या कविता परक्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलायला सांगतात, असा अर्थ न्यायालयाने काढला. त्या अर्थाने पाहिले तर न्यायाधीशांइतके बारकाईने मराठी कविता वाचणारे तेव्हा थोडेच असतील!

हे इथेच घडले असे नाही. कोरियात ‘तोंगहाक’ पंथाचा संस्थापक चे जे-उ याला १८६४ मध्ये मृत्युदंड झाला. त्याने रचलेले तलवारीचे गाणे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरले. १८९४ मध्ये त्याच पंथाचे शेतकरी उठले तेव्हा अनेकांच्या हाती होते ते बांबूचे भाले. शंभर वर्षांनीही ती प्रतिमा बोथट झाली नव्हती. कवी किम नाम-जू याचा ‘माझी तलवार, माझे रक्त’ हा संग्रह १९८७ मध्ये निघाला, तेव्हा तो तुरुंगातच होता.

विदर्भाची वाट वेगळी का?

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले. त्याआधी तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गावे जागी केली होती. त्यांच्या हाती खंजिरी होती आणि त्यांच्या प्रसिद्ध भजनात शस्त्रे व्हायची ती झाडाझुडपांची नि दगडधोंड्यांची. ज्याच्या घरी तलवार कधी नव्हतीच, त्याला हे लगेच कळते. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या परंपरेने तर तलवारीच्या जागी लेखणीच आणून बसवली. पिढ्यान् पिढ्या अक्षरच नाकारले गेले, त्यांच्यासाठी हत्यार तेच होते.

मग आज काय बिघडले?

गाण्यातल्या तलवारीला धार येते ती गाणारा निःशस्त्र असतो म्हणून. व्यासपीठावर नेत्याला तलवार भेट मिळते, तो ती उंचावतो, फोटो निघतो. सत्ता ज्याच्या हाती, त्याच्याच हाती तलवार. मग ती कोणाविरुद्ध? डीजेपुढे ती नाचवणाऱ्या पोरांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदले जातात. कायदा तेव्हाही होता, आजही आहे. तेव्हा त्याला शब्दांची भीती होती, आता शब्दच उरलेले नाहीत.

मोहाडीच्या मंडईत अजून ते उरले आहेत. चौंडेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीला भवानी तलवारीची कथा तोंडपाठ असते. त्याच गर्दीपुढे शाहीर धानाचा भाव, बोनस, चुकारे यांवर कवन जुळवू शकतो. त्यासाठी त्याला रात्रभराची बिदागी आणि ऐकू येईल इतकी शांतता लागते. बाजूच्या गल्लीत डीजे सुरू असेल तर डफ ऐकू येत नाही.