मार्गदर्शक शोधावा लागतो



'सर, मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे, काय करू?' असे जालन्यात मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच. विषय कोणता घ्यावा, परीक्षा कोणती द्यावी, हेही विचारतात. 'कोणाजवळ शिकू?' असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. एम. एस्सी.पर्यंत शिक्षक आपोआप मिळतात. पीएच. डी.साठी मात्र एकाच मार्गदर्शकाजवळ चार-पाच वर्षे काढायची असतात, आणि तो आपणच शोधायचा असतो.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांचे उदाहरण पाहा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अखेर जाचक अटींवर प्रवेश मिळाला आणि वर्षभरात त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. तेथे त्यांना प्रत्यक्ष शिकवले ते श्रीनिवासय्या यांनी. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. पुढे केंब्रिजला डॉ. रिक्टर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याजवळ काम करून १९३९ मध्ये त्या पीएच. डी. झाल्या.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, नकार म्हणजे शेवट नव्हे. कधी कधी तो अन्यायाचाही असतो. दुसरी, संस्थेवरचे मोठे नाव आणि रोज शेजारी उभे राहून शिकवणारा माणूस हे एकच असतील असे नाही. म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना जरूर विचारावे: सर वेळ देतात का? चूक झाली तर समजावून सांगतात का?

मग पत्र कसे लिहावे? १९२४ मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना पत्र पाठवले. सोबत स्वतःचा शोधनिबंध होता. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. बोस यांची ओळख त्यांच्या कामानेच करून दिली! तुमचेही पत्र एका पानाचे असावे. मी कोण, आपले कोणते काम वाचले, त्यात कोणता प्रश्न पडला, मी आजवर काय केले आणि आपण नवे विद्यार्थी घेत आहात काय, एवढेच लिहावे. तेच पत्र पन्नास जणांना पाठवू नये. उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण करावी. एक ध्यानात ठेवा: प्राध्यापक 'हो' म्हणाले म्हणजे प्रवेश मिळाला असे नाही. आपल्याकडे नेट, गेट, जेस्ट अशा परीक्षा असतात. अमेरिकेत बहुधा समिती प्रवेश ठरवते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही सवय शाळेतच लावता येईल. आपल्या बदनापूरला तुरीसारख्या कडधान्यांवर संशोधन करणारे केंद्र आहे. शेतातली तूर अचानक का वाळते, असा प्रश्न एखाद्या मुलीला पडला, तर उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होऊ नका. तिला त्या केंद्राला पत्र लिहू द्या.

एम. एस्सी. झाल्यावर मीही एका प्राध्यापकांना पत्र लिहिले होते. 'जालन्याच्या पोराला कोण विचारतो?' असे वाटून ते पेटीत टाकलेच नाही. त्यांनी मला नकार दिला नाही. तो मीच स्वतःला दिला. मित्रांनो, तुम्ही तसे करू नका. पत्र लिहा, आणि पाठवाही.