बी कुठनं आणली?

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आम्ही साठ-सत्तर जण पन्हाळ्याच्या बाजूच्या एका डोंगरावर सीडबॉल फेकायला गेलो होतो. सगळ्यांना सारखे टी-शर्ट, नाश्त्याला मिसळ, डोक्यावर ड्रोन. पाच हजार गोळे तासाभरात संपले. माझ्या वाट्याच्या गोळ्यांत जांभळाच्या बिया होत्या. आदल्या उन्हाळ्यात खाल्लेल्या जांभळांच्या. धुऊन, कडकडीत वाळवून, वर्षभर डब्यात जपलेल्या. 'उद्याचं जंगल' असं लिहून मी रील टाकलं. चारशे लाइक आले.

संध्याकाळी राधानगरीकडच्या मामांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "ही बी कुठनं आणलीस? कवाची?"

"गेल्या सालची."

"मग फेकलीस कशाला? चुलीत घातली असतीस तर पाणी तरी तापलं असतं."

मला राग आला. पण मामांचं खरं होतं. जांभळाच्या बीला वाळणं सोसत नाही. फळातून निघाली की तिचं आयुष्य दिवसांत मोजायचं. फणसाची आठळी, आंब्याची कोय, सगळ्यांचं तसंच. यांना ओल्या मातीतच जावं लागतं, तेही लगेच. उलट बहाव्याची बी वर्षानुवर्षं टिकते, पण तिचं कवच इतकं टणक, की ओरखडा काढल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. आम्ही दोघींना एकाच मातीत वळलं आणि उन्हात वाळवलं. एक आधीच मेलेली, दुसरी झोपलेली. त्या डोंगरावर आम्ही जंगल पेरलं नव्हतं, आमचे फोटो पेरले होते.

हे फक्त आमच्या ग्रुपचं असतं तर लिहिलं नसतं. पण आपल्या अख्ख्या राज्याला आकड्यांचं वेड लागलंय. 2016 मध्ये एका दिवसात 2 कोटी झाडांचा संकल्प झाला. मग 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे एका पावसाळ्यात माणशी जवळपास तीन झाडं, तान्ह्या बाळांसकट! तुमची तीन कुठं आहेत? माझी मला माहीत नाहीत. जेव्हा उद्दिष्ट 'लावलेली' झाडं असतं, तेव्हा खड्डा खणला की काम संपतं. पुढच्या मे महिन्यात तिथं काय उभं आहे, हे बघायला कुणी बॅनर लावत नाही.

आकडा गाठायचा तर रोपं झटपट हवीत. म्हणून गिरिपुष्प येतं, गुलमोहर येतो, ऑस्ट्रेलियन बाभूळ येते. पहिलं मध्य अमेरिकेकडचं, दुसरा मादागास्करचा, तिसरीचा पत्ता नावातच आहे. ती भराभर वाढतात, जनावरं ऑस्ट्रेलियन बाभळीला तोंड लावत नाहीत, नर्सरीत हवी तेवढी मिळतात. पण राधानगरीच्या धनेशाला त्यांच्यावर खायला काय मिळणार? त्याला उंबर हवा, जांभूळ हवी. शेकरूला एकमेकांत गुंतलेल्या फांद्या हव्यात. परदेशी झाडाशी माझं वैर नाही, रस्त्याकडेला गुलमोहर जरूर असावा. फक्त त्याला जंगल म्हणू नका.

ओकची बी खिशात घेऊन हिंडणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट तुमच्याही फीडवर आली असेल. तो रोज शंभर निवडक बिया पेरतो आणि उजाड डोंगर हिरवा होतो. ती फ्रेंच लेखक झां जिओनोची 1953 सालची कथा आहे, कथाच, सत्यघटना नव्हे. सह्याद्रीत ओक नाही. पण त्या मेंढपाळाची एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो: तो आदल्या रात्री दिव्याखाली एकेक बी पारखून घेतो. आपण मेंढपाळाची काठी उचलली आणि पारख सोडली.

आपल्याकडे पारखायला काय कमी आहे? ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, अंजनी, कुंभा, जांभूळ. यातली किती ओळखता येतात? मला तीन वर्षांपूर्वी दोन यायची. ऐनाला पंखांची फळं येतात हे मी पंचविसाव्या वर्षी पाहिलं, तेही मामांनी हातावर ठेवलं म्हणून.

आणि उघडा दिसला म्हणून प्रत्येक डोंगर झाड मागत नाही. मसाई पठारासारखे कातळसडे पावसाळ्यात फुलांनी भरतात. तिथं वीतभर माती आणि उघडं ऊन लागतं. तिथं खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे चांगल्या घराची भिंत पाडून तिथं घर बांधणं.

राधानगरीचं जंगल पाच हजार गोळे फेकून झालेलं नाही. ते शाहू महाराजांच्या काळात संस्थानचं शिकारीचं रान होतं, 1958 मध्ये अभयारण्य झालं, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. कुणी ते लावलं म्हणून ते टिकलं नाही. कुणी ते तोडू दिलं नाही म्हणून टिकलं. देवराईचंही तेच. देवाच्या धाकानं का होईना, कुऱ्हाड बाहेर राहिली.

"पण काहीच न करण्यापेक्षा बरं ना?" हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. नाही, बरं नाही. मेलेल्या रोपाचं प्रमाणपत्र जिवंत असतं. ते भिंतीवर टांगलं की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं, आणि मार्चमध्ये समोरचा डोंगर वणव्यात जळताना आपण खिडकीतून व्हिडिओ काढतो. नवं गवत जोमानं येतं म्हणून डोंगर पेटवतात, आणि त्यात ऐनाचे, जांभळीचे बुंध्यातून फुटलेले कोंब दर वर्षी खाक होतात. ते पाच वर्षं वाचले तर एकही खड्डा न खणता झाडी उभी राहते. पण जाळरेषा काढायच्या कामाचं रील चालत नाही.

मी आता काय करते ते सांगते, फुशारकी नाही. पहिल्या वर्षी मामांच्या बांधावरच्या जांभळीखालून साठ ताज्या बिया वेचल्या, त्याच दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या, गच्चीवर ठेवल्या. एक्केचाळीस उगवल्या. पुढच्या पावसात मामांच्या पडीक वावरात तीस लावल्या. मार्चमध्ये शेजारच्या डोंगरावरून आग उतरली, अठरा गेल्या. आज बारा आहेत. सगळ्यात उंच माझ्या कमरेइतकी. बारा! यावर कुणी बॅनर लावणार नाही, पण त्या बाराही झाडांची आई कोणती ते मी बोट करून दाखवू शकते.

येत्या जूनमध्ये तुम्हालाही तो मेसेज येईल. जरूर जा, पण टी-शर्ट घालण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. बी कुठनं आणली, आणि कवाची? ही जागा झाड मागते का? तीन वर्षांनी मोजायला कोण येणार? उत्तरं मिळाली तर तुमच्या शेजारी खड्डा खणायला मी येते. नाही मिळाली तर घरी या, जांभळं खा, आणि बिया सुकायच्या आत मातीत घाला.